काडतुसांचा बॉक्स वीसचा घ्यावा का पन्नासचा?

प्रश्न: सर नमस्कार, मोहोळ रोडला आमचा पेट्रोल पंप आहे. रात्रीची कॅश घरी नेईपर्यंत जीव टांगणीला असतो, म्हणून दोन वर्षं खेटे घालून शेवटी .३२ रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मिळालं. आता गोळ्या घ्यायच्यात. भाचा टेक्सासला असतो, त्यानं तिथल्या दुकानातले फोटो पाठवलेत. त्यात सेल्फ डिफेन्सच्या गोळ्यांचा बॉक्स वीसचा आहे, साध्या गोळ्यांचा पन्नासचा, आणि वीसचा बॉक्स पन्नासच्यापेक्षा महाग! असं का? आपण कुठला घ्यावा? भाचा दिवाळीला येतोय, त्याला एक बॉक्स आणायला सांगू का?

उत्तर: दादा, शेवटचं आधी सांगतो. भाच्याला आजच फोन करा आणि आणू नको म्हणा, एक गोळीसुद्धा नको. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं तरी एअरपोर्टवर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, मग पोराची सुट्टी कोर्टाच्या पायऱ्यांवर जाते. गोळी घ्यायची ती इथल्या लायसन्सवाल्या डीलरकडून, आपलं लायसन्स दाखवून, पावती घेऊनच.

आता बॉक्सचं. अमेरिकेत दोन प्रकारचा माल दोन कामांसाठी विकतात. सरावाची गोळी म्हणजे शिशावर तांब्याचं पूर्ण आवरण, ती पन्नासच्या बॉक्समध्ये येते, कधी शंभरच्या पण, कारण रेंजवर माणूस एका दुपारी तेवढ्या उडवतो. सेल्फ डिफेन्सची म्हणजे टोकाला खड्डा असलेली, लागल्यावर फुलणारी, तिला तिकडं हॉलो पॉइंट म्हणतात. ती बहुतेक वीस किंवा पंचवीसच्या बॉक्समध्ये येते, कारण ती बंदुकीत भरून ठेवायची असते, रोज उडवायची नसते. बनवायलाही ती महाग, बऱ्याचदा पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यावर, निकेलचा मुलामा असतो म्हणजे लवकर गंजत नाही आणि चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या भोकात, सटकन सरकते. आणि गंमत बघा, तीच फुलणारी गोळी तिकडं पोलिसांसाठी पन्नासच्या पॅकिंगमध्ये निघते आणि नगामागं स्वस्त पडते. म्हणजे वीसच्या बॉक्समध्ये मालाचे पैसे आहेतच, पण थोडे पैसे छोट्या बॉक्सचे पण आहेत. म्हणून किंमत बघायची ती नगावर. समजा वीसचा बॉक्स ४० डॉलर आणि पन्नासचा ७५, तर एक गोळी इकडं २ डॉलरला आणि तिकडं दीडला. मंडईत जुडीचा भाव करतो तसंच, बॉक्सच्या आकड्यावर जायचं नाही.

या फुलणाऱ्या गोळीचं मूळ आपल्याच देशातलं आहे हे भाच्याला जरूर सांगा. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० च्या दशकात असली गोळी बनवली, म्हणून जगात ती दमदम बुलेट म्हणून ओळखली गेली आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात ती वापरायला बंदी आली.

पण तुमच्या रिव्हॉल्व्हरला या सगळ्याचा फारसा उपयोग नाही हो. तुमचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, त्याचा जो जुना स्टँडर्ड लोड आहे तो ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वासहा ग्रॅमची, शिशाची गोळी आणि वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर. एवढ्या कमी वेगात फुलणारी गोळी फुलेलच याचा भरवसा नसतो, मग ती साध्या गोळीसारखीच काम करते आणि पैसे मात्र डबल. आपल्याकडं हे काडतूस पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं. कारखाना १८६९ चा आहे, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडं आहे. बुडावर बघा, केएफ अशी दोन अक्षरं ठोकलेली असतील, ती खडकीची खूण.

आता मुद्द्याचं, वीस का पन्नास. दादा, तुमच्यासाठी बॉक्सचा आकडा दुकानात ठरत नाही, लायसन्सच्या पानावर ठरतो. तिथं दोन आकडे असतात, एक वर्षभरात किती घेऊ शकता त्याचा आणि दुसरा एका वेळी जवळ किती ठेवू शकता त्याचा. दुसऱ्या आकड्याकडं लोक बघतच नाहीत. समजा जवळ ठेवायची मर्यादा ५० आहे, घरात मागच्या ८ शिल्लक आहेत, तर पन्नासचा सीलबंद बॉक्स तुम्ही घेऊच शकत नाही, ४२ च मिळणार. डीलर म्हणेल घेऊन जा हो, नंतर अ‍ॅडजस्ट करू. तसलं काही चालत नाही. वर निघालेल्या त्या ८ काडतुसांचा जाब डीलरला नाही, तुम्हाला विचारणार.

माझं मत विचाराल तर कमी घ्या पण एकाच लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला, माल घ्या, आणि त्यातल्या दहा-बारा रेंजवर उडवल्याशिवाय बाकीच्या भरून ठेवू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. आपल्याकडं लोक लायसन्स घेतात, रिव्हॉल्व्हर घेतात, सहा गोळ्या भरतात आणि ती कपाटात साडीखाली दहा वर्षं पडून राहते, एकदासुद्धा घोडा ओढलेला नसतो. रात्री अकराला पंपावर कुणी उभं राहिलं तर त्या माणसाला आवाजानं स्वतःलाच घाम फुटेल. लॉट नंबर बॉक्सवर छापलेला असतो, तेवढा लिहून ठेवा, ज्या लॉटच्या दहा गोळ्या नीट चालल्या त्याच लॉटच्या उरलेल्यांवर विश्वास टाकायचा. वर्षा-दीड वर्षानं भरलेल्या गोळ्या सरावात उडवायच्या आणि नव्या भरायच्या, म्हणजे जुना माल साचत नाही. रिकाम्या पुंगळ्या पण फेकू नका, पुढच्या खरेदीला हिशेब मागितला तर हाताशी असलेल्या बऱ्या.

सराव करताना एक लक्षात ठेवा. घोडा पडला आणि गोळी उडलीच नाही तर नळी टार्गेटकडंच धरून मनात तीसपर्यंत मोजा, मगच उघडा. आणि नेहमीच्या धाडऐवजी नुसतं फुस्स असा आवाज आला तर तिथंच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, मागून दुसरी मारली तर नळी फाटते.

दुकानात बॉक्स उघडून बघायला लाजू नका. मला एकदा एका दुकानातून .३२ म्हणून पिस्तूलची काडतुसं बांधून दिली होती, मी पण घाईत होतो, बाहेर .३२ लिहिलंय म्हणून घेऊन आलो. घरी टेबलावर जुन्या काडतुसाशेजारी उभं केलं तेव्हा कळलं, हे तर बुटकं आहे! पिस्तूलच्या .३२ ची पुंगळी १७ मिलिमीटरची, रिव्हॉल्व्हरची २३ ची, आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली ठसठशीत कड असते. बुटकं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या भोकात जातं पण, तिथंच माणूस फसतो. ते वापरायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो, बदलून मिळालं पण लायसन्सवरची नोंद दुरुस्त करायला अर्धा दिवस गेला.

आणि आपलं सोलापूर, मे महिन्यात ४३-४४ डिग्री. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात गोळ्या ठेवू नका, लगेच फुटत नाहीत पण सततच्या उष्णतेनं आतली दारू खराब होत जाते. घरातल्या सगळ्यात थंड कोरड्या खोलीत, कुलपात, आणि जवळ बाळगत नसाल तेव्हा रिव्हॉल्व्हर वेगळी आणि काडतुसं वेगळी. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायची हौस असेल तर सोडा. आजोबांच्या बारा बोअर बंदुकीच्या काडतुसांचा पट्टा आमच्याकडं खुंटीला होता, मी एकदा त्यातलं काडतूस काढायला गेलो तर निघेना, पितळ हिरवं पडून चामड्याला चिकटलं होतं, बोटांना तो हिरवा चिकट थर लागला. चामडं कमावताना जे वापरतात त्यानं पितळ खातं. तेलाचा स्प्रे पण मारू नका, तेल बुडातून आत झिरपलं की ऐन वेळी काडतूस मुकं.

प्रश्न: सर, वैरागजवळ आमचं शेत आहे. विहिरीवरची मोटर दोनदा चोरीला गेली. माझ्याकडं बारा बोअरचं लायसन्स आहे. चोरावर गोळी झाडली तर सेल्फ डिफेन्स होतो का?

उत्तर: नाही होत, मामा. नुसती चोरी म्हणजे जीव घेण्याचा हक्क नाही. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. मालमत्तेसाठी जीव जाईपर्यंत मजल मारायची परवानगी कलम ४१ देतं ती दरोड्यासारख्या जबरीला, रात्रीच्या घरफोडीला, राहत्या घराला आग लावण्याला, किंवा चोरी अशा प्रकारे होतेय की जीव जाईल नाहीतर जबर दुखापत होईल अशी रास्त भीती आहे तेव्हा. अंधारात मोटर उचकटून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले तर उरलेलं शेत वकिलाला विकावं लागेल. मोटरला लोखंडी पिंजरा करा, शेजारच्या चार शेतकऱ्यांत मिळून राखणदार ठेवा.

प्रश्न: निवडणुकीत रिव्हॉल्व्हर जमा करायला सांगतात, तेव्हा गोळ्या पण द्यायच्या का? (बार्शी)

उत्तर: आदेशात लिहिलंय ते वाचा आणि पावतीवर हत्याराच्या नंबरासोबत काडतुसांचा आकडा लिहून घ्या. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा होत नाहीत, कोणाची करायची ते स्क्रीनिंग कमिटी, म्हणजे त्यासाठी नेमलेली छाननी समिती, ठरवते.

प्रश्न: दादा, मी जुळे सोलापूरला राहते. मिस्टर फेब्रुवारीत गेले. त्यांची रिव्हॉल्व्हर आणि एका बॉक्समध्ये गोळ्या लॉकरमध्ये आहेत, मला मोजायची पण भीती वाटते. मुलगा बेंगलोरला आहे, तो म्हणतो मी आल्यावर बघू. काय करू?

उत्तर: ताई, मुलाची वाट बघू नका. लायसन्स त्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर ती वस्तू घरात ठेवणं तुमच्यावर येऊ शकतं, आणि यात तुमची काही चूक नाही. तुम्ही हात पण लावू नका. लायसन्सचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा, तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला फोन करा, घरी लायसन्सचं हत्यार आहे आणि जमा करायचंय एवढंच सांगा, घरी येऊन ताब्यात घ्या म्हणा. स्वतः पिशवीत घालून रिक्षानं नेऊ नका. शहरात लायसन्सचं काम पोलीस आयुक्तालयाकडं असतं, ग्रामीण भागात कलेक्टर ऑफिसकडं, तुमचं आयुक्तालयाकडं येईल. मुलाला पुढं हवी असेल तर तो वारस म्हणून स्वतःच्या नावानं लायसन्सचा अर्ज करू शकतो, तोपर्यंत ती जमा राहते.

काडतुसं ठाण्याच्या माणसाला तुमच्यासमोर मोजायला लावा. ती बॉक्ससकटच द्या, बॉक्सवर लॉट आणि आकडा दोन्ही असतं. मिस्टरांनी पन्नासचा बॉक्स घेतला असेल आणि आत सदतीस निघाल्या तर घाबरू नका, त्यांनी सरावाला वापरल्या असतील, पावतीवर सदतीसच लिहून घ्या. त्या पावतीची एक झेरॉक्स मुलाला बेंगलोरला पाठवून द्या.