तपासणी अहवालातला आकडा नेमका कशाचा?

वनौषधींसंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी या वेळी प्रयोगशाळेतील तपासणीशी संबंधित चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली अडचण जवळजवळ प्रत्येक संकलकाला कधी ना कधी येते.

प्रश्न : आमचा बचत गट जंगलातून भुईनिंब गोळा करून वाळवून विकतो. या वर्षी व्यापाऱ्याने क्रियाशील घटकांचा अहवाल मागितला, म्हणून एकाच ढिगातला माल आम्ही दोन प्रयोगशाळांना पाठवला. एकीने अँड्रोग्राफोलाइड (भुईनिंबातला मुख्य क्रियाशील घटक) १.३ टक्के सांगितले, दुसरीने ९ टक्के. आता व्यापारी आमच्यावरच संशय घेतो. खरा अहवाल कोणता? (गटाच्या सदस्य, कोरची, जि. गडचिरोली)

उत्तर : दोन्ही अहवाल खरे असू शकतात. आपण पहिल्यांदा हे पाहावे की टक्केवारी कशाची काढली आहे. समजा, शंभर ग्रॅम भुकटी मिथेनॉलमध्ये मुरवून, गाळून आणि आटवून चौदा ग्रॅम घट्ट अर्क मिळाला आणि त्या अर्कात अँड्रोग्राफोलाइड ९ टक्के भरले, तर प्रत्यक्षात ते १.२६ ग्रॅमच झाले, म्हणजे मूळ भुकटीच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. एका प्रयोगशाळेने वाळलेल्या मालाचा हिशेब दिला असेल आणि दुसरीने अर्काचा, तर तुमच्या अहवालांतली तफावत एवढ्यानेच मिटते. दोन्ही ठिकाणी पत्र लिहून ‘टक्केवारी वाळलेल्या भुकटीच्या वजनावर आहे की अर्काच्या वजनावर’ एवढेच विचारावे.

दुसरे कारण द्रावकाचे असू शकते. अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फारसे विरघळत नाही, अल्कोहोल किंवा मिथेनॉलमध्ये मात्र चांगले उतरते. त्यामुळे कोणी पाण्यात अर्क काढला असेल, तर आकडा कमी येणारच, आणि त्यावरून माल हलका ठरत नाही. हा घटक पानांत सर्वाधिक असतो, देठांत बराच कमी, आणि झाड फुलोऱ्यावर येते त्या सुमारास त्याचे प्रमाण चांगले असते. तेव्हा ढीग एकच असला तरी एका पिशवीत पाने जास्त आणि दुसरीत काड्या जास्त गेल्या, तर दोन प्रामाणिक प्रयोगशाळाही वेगवेगळे आकडे देतील.

म्हणून नमुना काढण्याची रीत पाळावी, कारण खरी चूक बहुधा इथेच होते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. स्वच्छ ताडपत्रीवर सगळ्या पोत्यांच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागातून मूठमूठ माल काढून एकत्र करावा, त्याचा गोल चपटा थर पसरावा आणि अधिक चिन्हासारखे चार भाग पाडावेत. समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारून उरलेले दोन पुन्हा कालवावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहावे. त्याचे तीन सारखे वाटे करून दोन प्रयोगशाळांना पाठवावेत आणि तिसरा तारीख, जंगलाचा भाग व तोडणीचा महिना लिहून सीलबंद ठेवावा, म्हणजे वाद झाला तर दाखवायला पुरावा राहील. शिवाय त्याच जागेवरचे फुलासकट एक झाड रद्दीत दाबून वाळवावे आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडून त्याची ओळख लेखी पक्की करून घ्यावी, कारण झाडाची ओळखच चुकली असेल, तर पुढच्या आकड्यांना काहीच किंमत उरत नाही. गुळवेलीच्या बाबतीत हे प्रकर्षाने दिसले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेबद्दल लिहिले, त्यावर आयुष मंत्रालयाने तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर फोडांसारखे उंचवटे असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल गुळवेल समजून वापरली जात असावी, असा मुद्दा मांडला आणि तो वाद पुढेही चालला. आपल्या मालाबाबत कोणी असा प्रश्न केला, तर दाबून ठेवलेले झाडच उत्तर देऊ शकते.

व्यापाऱ्याला क्रियाशील घटकांच्या बरोबरीने शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियमची तपासणीही दाखवावी, असा माझा आग्रह आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने शिशासाठी दर किलोस १०, आर्सेनिकसाठी ३, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ मिलिग्रॅम अशा मर्यादा घातल्या आहेत. औषध घेणाऱ्याच्या दृष्टीने हे आकडे अँड्रोग्राफोलाइडच्या टक्क्यांइतकेच महत्त्वाचे आहेत.

प्रश्न : आमच्या भागातले एक वैदू जुलाबावर हिरड्याचा काढा देतात. एका विद्यार्थ्याने हिरड्याचा अर्क प्रयोगशाळेत तपासला, तर जिवाणूंच्या थाळीत १६ मिलिमीटरचे क्षेत्र मोकळे झाले. मग वैदूंचे औषध विज्ञानाने सिद्ध झाले असे म्हणता येईल का? (शिक्षक, धारणी, जि. अमरावती)

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही, पण तपासणी पुढे न्यायला हे कारण चांगले आहे. अगर, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठीचा जेलीसारखा पदार्थ, भरलेल्या थाळीवर जिवाणू पसरून मध्ये अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात, आणि तिच्याभोवती जिवाणू वाढले नाहीत तर तो मोकळा पट्टा मोजतात. या प्रयोगात नुसत्या द्रावकाची एक चकती आणि माहीत असलेल्या प्रतिजैविकाची एक चकती शेजारी असायलाच हवी, कारण मिथेनॉल स्वतःच जिवाणूंना मारते आणि ते पूर्ण उडून गेले नसेल तर श्रेय चुकून हिरड्याला जाते. त्यातच हिरड्यात टॅनिन हा तुरट घटक भरपूर असतो आणि टॅनिन प्रथिनांना चिकटून बसत असल्याने ते अनेक चाचण्यांत सरसकट परिणाम दाखवते, म्हणून त्याला वेगळे काढून चाचणी पुन्हा करणे आवश्यक असते. मोकळ्या पट्ट्याची रुंदी तर घटक अगरमधून किती सहज पसरतो यावरही ठरते, तेव्हा किती मायक्रोग्रॅमला वाढ थांबते हे शोधणे अधिक उपयोगाचे. आणि हे सगळे झाले तरी पोटात गेल्यावर काय होते, हा प्रश्न वेगळाच राहतो.

त्यातही मला सर्वात महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की वैदू काढा पाण्यात करतात आणि प्रयोगशाळा बहुधा मिथेनॉलमध्ये अर्क काढते, म्हणजे जे तपासले ते वैदूंचे औषध नव्हतेच. कृती बदलली की निष्कर्ष किती बदलतो, याचे मोठे उदाहरण चीनच्या तू यूयू यांचे आहे. हिवतापावरच्या एका वनस्पतीचे त्यांचे सुरुवातीचे प्रयोग फसत होते. चौथ्या शतकातील एका ग्रंथात ती वनस्पती उकळायला न सांगता पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे, हे पाहून त्यांनी उष्णता टाळली, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध मिळाले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या विद्यार्थ्याने वैदूंच्या शेजारी बसून फळ कच्चे घेतात की पिकलेले, पाणी किती घालतात आणि किती आटवतात याची नोंद करावी आणि तोच काढा तपासावा. जुलाबाने माणसाच्या अंगातले पाणी जाते, विशेषतः लहान मुलाचे, म्हणून तपासणीचा निकाल काहीही लागला तरी क्षारसंजीवनी आणि आरोग्य केंद्र यांना पर्याय नाही, हेही त्याला सांगावे.

प्रश्न : वायगावची हळद विकताना कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या क्रियाशील घटकाचा) अहवाल जोडायचा आहे. कोणती तपासणी करावी? (शेतकरी, समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : स्वस्त तपासणीत हळदीच्या अर्काने निळसर प्रकाश किती शोषला, हे ४२५ नॅनोमीटरवर मोजतात, त्यातून सगळ्या कर्क्युमिनॉइडांची, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जवळच्या घटकांची, मिळून बेरीज कळते. एचपीएलसी (अर्कातले घटक एकमेकांपासून वेगळे करून मोजणारी यंत्रतपासणी) महाग पडते, पण ती कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे वेगवेगळी दाखवते आणि मेटॅनिल यलोसारखा भेसळीचा पिवळा रंगही त्यात लपत नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या नावावर कोणी भेसळ खपवू नये, म्हणून वर्षातून एकदा तरी एचपीएलसी करावी असे मी सुचवेन. कर्क्युमिन उजेडाने कमी होते, तेव्हा नमुना पारदर्शक पिशवीत पाठवू नये.

प्रश्न : बाहेरचे संशोधक येतात, वैदूंना विचारून झाडे नेतात आणि पुन्हा कधी कळवत नाहीत. आम्ही काय करू शकतो? (ग्रामसभेचे सदस्य, धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि कायदाही तुमच्या बाजूचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेवरचा आणि त्यासंबंधीच्या पारंपरिक ज्ञानावरचा सामुदायिक हक्क मान्य केलेला आहे, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. लेखी नोंदीचे बळ हळदीच्या पेटंटमध्ये दिसले. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, त्याला भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या लिखित पुराव्यांच्या आधारे आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. मात्र सगळी कृती खुलेपणाने लिहून ठेवली, तर ती कोणीही उचलू शकतो, म्हणून नोंदवही ग्रामसभेच्या ताब्यात ठेवावी आणि ती कोणाला दाखवायची याचा निर्णय ग्रामसभेत व्हावा. नमुना देताना एक पानाचा करार पुरतो. त्यात नमुना नेणाऱ्या संस्थेचे नाव, झाडाचे व जागेचे नाव, तपासणीचा हेतू, अहवालाची प्रत मराठीत आणून ग्रामसभेत समजावून सांगण्याची मुदत, आणि वैदूंच्या संमतीशिवाय त्यांची कृती प्रसिद्ध न करण्याची अट असावी. वैदूंची सही किंवा अंगठा घेण्याआधी हा कराराचा कागद त्यांना गोंडीत वाचून दाखवावा.