बँडसॉवर (गोल फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर) लाकडात वळणं कापायला किती रुंदीचं ब्लेड घ्यावं?

आधी नक्षीतलं सगळ्यात घट्ट वळण मोजा, रुंदी त्यावरच ठरते. पाव इंची ब्लेड साधारण 5/8 इंच त्रिज्येपर्यंत वळतं, 1/8 इंची 3/16 पर्यंत. माझ्या मशीनवर कायम पाव इंचीच चढवलेलं असतं, बहुतेक कामं त्यात निघतात. 1/8 इंची लागलंच तर ब्लेडला बाजूंनी धरून ठेवणारे धातूचे गाईड काढून कठीण लाकडाचे ठोकळे लावा, नाहीतर दात घासले जातात. जाड लाकडाला इंचाला 6 दात पुरे, पातळ फळीला 10 ते 14. वळणात ब्लेडची पाठ घासून लाकूड काळं पडायला लागलं, जळका वास आला, की जोर लावू नका. टाकाऊ बाजूने रेषेपर्यंत दोन-चार सरळ काप आधीच देऊन ठेवा. तुकडे गळत जातात, ब्लेडला वळायला जागा मिळते.