१९५०-६० च्या काळात निवडून आलेल्या बायका नावापुरत्याच असायच्या का? मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे नगरसेविका म्हणून नेमकं काय करायच्या?

मी एका छोट्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे माझं उत्तर पाण्याकडे झुकणार, हे आधीच सांगून टाकतो.

नगरसेवकाच्या हातात कायद्याने फारसं काही नव्हतंच, मग तो बाप्या असो की बाई. मुंबई महापालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. त्यात अंमलबजावणीचे अधिकार सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे, आणि खर्चाला मंजुरी लागते स्थायी समितीची. १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. मोठीच गोष्ट, पण अमुक गल्लीला पाणी सोडा असा हुकूम महापौरांनाही काढता येत नाही. साध्या सभासदाने सभेत प्रश्न विचारायचा, खात्यात खेटे घालायचे आणि तेवढ्याने भागलं नाही तर माणसं घेऊन दारात उभं राहायचं.

यातलं शेवटचं मृणालताईंना निवडून यायच्या आधीपासून येत होतं. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्षाच्या कामात पडल्या. १९४८ मध्ये केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि गोरेगाव हे कामाचं गाव झालं. तिथे त्यांनी महिला मंडळ उभं केलं, कुटुंबनियोजनाचं केंद्र चालवलं. सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला १९५२ मध्ये, म्हणजे हा विषय चारचौघींत काढणंसुद्धा अवघड होतं तेव्हाची ही गोष्ट. माझ्या मते त्यांची खरी शाळा ही. बाई एकदा या विषयावर बोलायला लागली की नळ, संडास, रेशन यावर बोलायला तिला वेगळं धाडस लागत नाही.

गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होतं. तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई तिच्या सदस्या होत्या. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द थेट दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि गोरेगावची पंचायत संपली. हा बदल फारसा कोणी सांगत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. आदल्या वर्षापर्यंत गावातल्या चावडीत जे भांडता येत होतं, त्यासाठी आता लोकल पकडून बोरीबंदरसमोरच्या मुख्यालयात जायचं. पाठोपाठ १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. अशा परिस्थितीत १९६१ ची निवडणूक लढवून त्या महापालिकेत गेल्या. आजच्यासारखं बायकांचं आरक्षण तेव्हा नव्हतं. त्याच निवडणुकीत कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरही निवडून आल्या. पुढे महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चांत या दोघी खांद्याला खांदा लावून दिसतात.

आता पाणी. मुंबईचं पाणी तानसा-वैतरणेकडून येतं, शंभर किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून. नव्याने जोडलेल्या उपनगरांत वस्ती भराभर वाढली, पण जलवाहिन्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. त्यात झोपडपट्टी असेल तर अडचण दुहेरी: वस्तीच अनधिकृत, मग तिला नळ कसा द्यायचा? खात्याच्या दृष्टीने हे उत्तर अगदी नियमात बसतं, मीही अशी उत्तरं टाइप केलेली आहेत. झोपडपट्टी सुधारणेचा राज्याचा कायदा आला १९७१ मध्ये, आणि झोपड्यांची मोजणी करून फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाची फोटोसह ओळखपत्रं, दिले गेले ते १९७६ नंतर. म्हणजे साठच्या दशकात झोपडीतल्या माणसासाठी पाणी मागायचं, तर हातात दाखवायला कागदच नसायचा. मृणालताई रिकामे हंडे घेतलेल्या बायका सोबत घेऊन जायच्या. हंडा मोर्चा हा आज सगळ्या पक्षांचा नेहमीचा कार्यक्रम झालाय, फोटोपुरता. तेव्हा त्यामागे कुठल्या वस्तीत किती वाजता पाणी येतं, किती वेळ टिकतं याची माहिती असायची, आणि ती पाणी भरणाऱ्या बाईलाच असते. इंजिनियरपुढे असं बोलणारं माणूस आलं की त्याला 'बघतो' म्हणून वाटेला लावता येत नाही, हे स्वानुभवाने सांगतो. 'पाणीवाली बाई' हे नाव असं पडलं. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये लोकसभेत. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा तेव्हाचीच; दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी.

खेड्यांकडे चित्र वेगळं होतं. जिल्हा परिषदांच्या १९६१ च्या कायद्यात बाई निवडून आली नाही तर एकदोघींना नेमून घ्यायची सोय होती, आणि अशी नेमलेली बाई बहुतेकदा कुणाची तरी सोयच असायची. तरी १९६३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या निंबूतला सगळ्या बायकांची ग्रामपंचायत आली होती.

राहिला प्रश्न नावापुरत्या असण्याचा. होत्या की. आमच्याकडे एक सदस्या होत्या, सभेचं रजिस्टर सहीसाठी त्यांच्या घरी जायचं. बरेचदा मीच नेलंय. सही कुठे करायची ते त्यांचे यजमान बोट ठेवून दाखवायचे. एकदा यजमान गावाला गेलेले. वहिनींनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आमच्या आळीला पाणी पहाटे चारलाच का हो येतं?" मी म्हटलं, वहिनी, तुमची आळी लाइनच्या शेपटाला, वरचे नळ बंद झाल्याशिवाय तुमच्याकडे दाब येत नाही. त्यांनी रजिस्टर परत उघडलं आणि हे यात कुठे लिहायचं, म्हणून विचारलं. मी पुढच्या सभेला या म्हटलं. आल्या त्या, आणि मागच्या खुर्चीवर नाही बसल्या.