पोलीस ठाण्याच्या फलकावर पहिला फोटो ज्याचा, तोच 'एक नंबरचा वाँटेड' का?

नाही. फलकावर फोटो जागा मिळेल तसे चिकटवलेले असतात, ती दहावीची गुणवत्ता यादी नव्हे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेची दहा 'मोस्ट वाँटेड' जणांची यादी १४ मार्च १९५० पासून चालू आहे, तिच्यातही क्रमांक नसतात. त्या यादीत यायला माणूस धोकादायक हवा, ही एक अट. दुसरी फारशी कुणाला ठाऊक नसते: गाजावाजा केल्याने तो सापडायला मदत झाली पाहिजे.

आपल्याकडे वजन कळतं ते बक्षिसावरून. राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) २०२२ मध्ये दाऊदवर २५ लाख, छोटा शकीलवर २० लाख आणि टायगर मेमनवर १५ लाख लावले. दाऊदचं मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके, नि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं रायगडातल्या शेखाडीला, म्हणजे ही नावं आपल्या किनाऱ्याला काही परकी नाहीत.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र गुन्हा किती गंभीर आणि कागद कुठवर सरकलाय, हे बघावं लागतं. गुन्ह्यात नाव आहे पण अटक नाही, तो 'पाहिजे'. अजामीनपात्र वॉरंट निघूनही माणूस लपून राहिला, तर कोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ८४ खाली जाहीरनामा काढतं. हजर व्हायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. जाहीरनामा गावात मोठ्याने वाचायचा, राहत्या घरावर लावायचा, एक प्रत कोर्टात लावायची. गुन्ह्याला १० वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल, तर मुदतीनंतर कोर्ट चौकशी करून त्याला 'उद्घोषित गुन्हेगार' ठरवू शकतं. (तडीपार वेगळा. त्याला हद्दीबाहेर घालवलेलं असतं, शोधत नसतात.)

कोकणात हे फसतं ते 'राहत्या' या शब्दावर. माणूस वर्षभर नालासोपाऱ्याला आणि कागद चिकटवला गुहागरच्या बंद घराच्या दारावर, तर वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. ३० ऐवजी २८ दिवस भरले तरी तेच. बंदरावरच्या खलाशाचं तर कित्येकदा टोपणनाव आणि बंद पडलेला मोबाईल नंबर एवढंच हाती असतं. जाहीरनामा लावायचा कुठे?

पुढची पायरी कलम ८५ ची, जप्तीची. माझ्या मते खरा दाब हाच. पण सातबारावर अजून आजोबांचंच नाव, खाली बारा हिस्सेदार, वाटप झालेलंच नाही. त्यातली आरोपीची आंब्याची कलमं कुठली, हे तलाठी तरी कसं सांगणार?