कपचीची तारीख की जोड तुटल्याची तारीख?

"वॉरंटी दहा वर्षांची आहे, म्हणजे तक्रार करायलाही दहा वर्षे आहेत ना?" हा प्रश्न दातांची कॅप, ब्रिज, इम्प्लांट अशा निरनिराळ्या निमित्तांनी माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे, की आपले पत्र उघडण्यापूर्वीच त्यात तो असणार हे मला ठाऊक होते. उत्तर "नाही" असे आहे. त्यामागचे कारण आपल्या बाबतीत मात्र नेहमीपेक्षा गुंतागुंतीचे आहे, आणि ती गुंतागुंत बऱ्याच अंशी आपणच एका ई-मेलने निर्माण केली आहे.

आपण कळवलेली हकीकत अशी. खालच्या जबड्यातील शेजारचे दोन दात गेल्यामुळे पुढच्या आणि मागच्या दातांच्या आधाराने चार युनिटचा, म्हणजे चार दातांच्या जागा व्यापणारा, झिरकोनिया या कठीण सिरॅमिकचा ब्रिज बसवला. सातव्या महिन्यात एका दाताच्या टोकावरचे पोर्सिलेन कपचीसारखे उडाले आणि दंतवैद्यांनी ती जागा घासून गुळगुळीत करून दिली. तिसाव्या महिन्यात दोन खोट्या दातांच्या मधल्या जोडाशी ब्रिज आरपार दुभंगला. कंपनीने वॉरंटी नाकारली, दंतवैद्यांनी ब्रिज घडवणाऱ्या लॅबकडे बोट दाखवले, लॅबने उत्तरच दिले नाही, आणि जोड तुटल्याला आज वीस महिने झाले आहेत. आपण यंत्र अभियांत्रिकी शिकवता, हा तपशील आपण सहज लिहिला असला तरी माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण, म्हणजे तक्रारीला जागा देणारी घटना, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. वस्तू किती काळ टिकावी याचे वचन वॉरंटी देते. ते वचन मोडल्यावर ग्राहक आयोगाचे दार किती काळ उघडे राहील, हे वॉरंटी ठरवत नाही. तेव्हा वादकारण कधी घडले, एवढाच प्रश्न उरतो. सातव्या महिन्यातील कपचीपासून मोजले तर मुदत एकोणीस महिन्यांपूर्वीच संपली आहे. तिसाव्या महिन्यातील तुटण्यापासून मोजले तर आपल्याकडे चार महिने आहेत. कंपनीच्या नकाराच्या तारखेपासून मोजावे असे आपण सुचवता. त्या बाजूने युक्तिवाद करता येतो, परंतु तो टिकेलच असे मी सांगणार नाही, कारण मधल्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही हे तत्त्व आयोगांपुढे रोज वाचले जाते. जी तारीख आपल्याला सर्वांत गैरसोयीची आणि तरीही टिकण्याजोगी आहे, तीच धरून चालावे.

आता तो ई-मेल. जोड तुटल्यानंतर रागाच्या भरात आपण दंतवैद्यांना लिहिले: "पहिली कपची उडाली तेव्हाच मला कळले होते, की संपूर्ण ब्रिज पहिल्या दिवसापासून कमकुवत आहे; मी अभियंता आहे." सामनेवाल्यांच्या, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या, वकिलांना याहून चांगली भेट कोणी दिली नसती. वकिलाला विचारण्यापूर्वी लिहिलेल्या अशा पत्रांनी मी जितकी प्रकरणे बुडताना पाहिली आहेत, तितकी कायद्याच्या अभावी बुडालेली पाहिलेली नाहीत.

याचे गांभीर्य समजण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा एक निकाल लक्षात घ्यावा लागेल. पित्ताशयाची शस्त्रक्रिया 1993 मध्ये झाली, पोटात राहिलेली पट्टी 2002 मध्ये सापडली आणि तक्रार 2004 मध्ये दाखल झाली. न्यायालयाने नियम असा मांडला, की निष्काळजीपणाचा परिणाम उघड असेल तर मुदत त्या कृतीपासून सुरू होते. परिणाम सुप्त असेल तर तो रुग्णाच्या लक्षात आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ज्या दिवशी लक्षात आला असता त्या दिवसापासून सुरू होते. हा नियम रुग्णाला अनुकूल आहे, आणि तरीही त्या प्रकरणातील रुग्ण हरल्या, कारण त्या स्वतः परिचारिका होत्या आणि नऊ वर्षे वेदनाशामक गोळ्या घेत असताना त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे एकदाही गेल्या नाहीत. जाणकाराकडून अधिक दक्षतेची अपेक्षा धरली जाते. परिचारिकेच्या जागी अभियंता ठेवून पाहा, म्हणजे मी का कुरकुरतो आहे ते कळेल.

यातून सुटण्याचा मार्ग आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकात नसून त्या तुटलेल्या तुकड्यांत आहे. कपची उडणे आणि जोड तुटणे हे एकाच दोषाचे दोन टप्पे आहेत की दोन स्वतंत्र घटना आहेत, यावर आपले प्रकरण उभे आहे. वर चढवलेल्या पोर्सिलेनची वाकण्यातली ताकद साधारण 100 मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) आसपास किंवा त्याहून कमी असते, तर आतल्या पारंपरिक झिरकोनियाच्या सांगाड्याची 900 ते 1200 मेगापास्कल असते. भट्टीतून काढल्यावर थर वेगाने थंड झाला, किंवा दाताच्या टोकाखाली सांगाड्याचा पुरेसा आधार नसला, तर वरचा थर कपचीने उडतो आणि तडा बहुधा त्या थरातच थांबतो. जोडाचे तुटणे निराळे असते. चावताना ब्रिज तुळईसारखा वाकतो आणि ताणाचा सर्वाधिक भार जोडाच्या खालच्या, हिरडीकडच्या बाजूला येतो. तडा तिथून निघून वर जातो. तेव्हा तड्याचा उगम जोडाच्या खालच्या बाजूला सापडला, तर टोकावरच्या कपचीशी त्याचा संबंध नव्हता असे तज्ज्ञ सांगू शकेल, आणि मुदत तुटण्याच्या दिवसापासून मोजावी हा आपला मुद्दा पुराव्यावर उभा राहील.

सुप्ततेचा मुद्दाही येथे चांगला जुळतो. पोलाद तुटण्याआधी वाकून सूचना देते; सिरॅमिक देत नाही. सूक्ष्म तडा लाळेतल्या ओलाव्यात, रोजच्या चावण्याच्या भाराखाली, महिनोन्महिने अत्यंत सावकाश वाढतो आणि ठरावीक लांबी गाठताच एका क्षणात आरपार जातो. त्या सगळ्या काळात बाहेरून काही दिसत नाही. आपल्या ई-मेलमधील "मला कळले होते" हे विधान त्यामुळे ज्ञान नसून मागाहून केलेला तर्क आहे, कारण सातव्या महिन्यात जोडाच्या आतला तडा कोणत्याही अभियंत्याला डोळ्यांनी कळणे शक्य नव्हते. शपथपत्रात हे सरळ मांडावे. ई-मेल दडवण्याचा विचारही करू नये. तो सामनेवाल्यांच्या हातात आहेच. जोडीला कलम 69(2) खाली विलंब माफीचा अर्ज पर्यायी म्हणून, मुदत संपलेली नाही ही भूमिका न सोडता, तक्रारीसोबतच द्यावा.

आता तुकड्यांविषयी. एक अर्धा भाग डबीत आहे, हे ठीक. दुसरा "तात्पुरता बसेल का पाहावे म्हणून" आपण झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पहिल्याला जोडून पाहिला आणि मग उपटून काढला, हे वाचून मी पत्र क्षणभर खाली ठेवले. तुटलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक रेषांवरून तड्याचा उगम शोधला जातो. दोन्ही भाग एकमेकांवर घासले, की त्या रेषा मोडतात, आणि गोंदाने त्या झाकल्या जातात. यापुढे त्यांना स्वच्छ करू नये, घासू नये, पुन्हा जुळवून पाहू नये. गोंद काढायचा की नाही आणि कशाने काढायचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यानेच ठरवावे. दोन भाग दोन वेगळ्या कोरड्या डब्यांत ठेवावेत आणि ते कोणाकडे, कोणत्या तारखेला, कोणत्या पोचपावतीवर गेले याची नोंद ठेवावी. कंपनीने "तपासणीसाठी" मागितले तरी मूळ तुकडे देऊ नयेत. कलम 38 मध्ये आयोगाने नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे, आणि ती आपण मागितली पाहिजे.

वॉरंटी कार्डावर छापलेल्या 1200 मेगापास्कल या आकड्यावर आपण तीन परिच्छेद खर्च केले आहेत. तो आकडा घासून पॉलिश केलेल्या लहान पट्टीच्या चाचणीतला असतो. आपल्या तोंडात पट्टी नव्हती, ब्रिज होता. आयएसओ 6872 हे दातांच्या सिरॅमिकचे आंतरराष्ट्रीय मानक चार किंवा अधिक युनिटच्या ब्रिजसाठीच्या सिरॅमिकला किमान 800 मेगापास्कलची अट घालते. दात अधिक नैसर्गिक दिसावा म्हणून वापरले जाणारे अतिपारदर्शक झिरकोनियाचे काही प्रकार त्या अटीत बसत नाहीत. म्हणून कार्डावरचा आकडा बाजूला ठेवून ज्या ठोकळ्यातून ब्रिज कोरला त्या ब्लॉकचा प्रकार आणि लॉट क्रमांक मागावा. आपल्याला दिलेला प्रकार तीन युनिटपुरताच मंजूर असेल, तर वाद तिथेच संपू शकतो.

साहित्य योग्य निघाले तर संशय जोडाच्या मापावर येतो, आणि अनुभवाने मला तीच शक्यता अधिक वाटते. अनेक उत्पादकांच्या सूचनापत्रांत मागच्या दातांच्या झिरकोनिया ब्रिजसाठी जोडाचे क्षेत्रफळ साधारण 9 चौरस मिलिमीटर, आणि दोन खोटे दात शेजारी असतील तर 12 च्या आसपास सांगितलेले असते. पण केवळ क्षेत्रफळावर समाधान मानू नये, हे आपल्यासारख्याला मी सांगायला नको. 3 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर उंच जोडाचे क्षेत्रफळ 9 आहे, आणि साडेचार रुंद व 2 उंच जोडाचेही 9 आहे. आयताकृती छेद धरला तर दुसऱ्यातला वाकण्याचा ताण दीडपट होतो. हे माप तुकड्यांवरून आजही घेता येते, आणि लॅबच्या संगणकावरील आराखड्याच्या फाइलमध्ये ते नोंदलेले असते. ती फाइल जपून ठेवण्याची लेखी सूचना लॅबला या आठवड्यात जायला हवी, कारण जुन्या फाइली काढून टाकल्या जातात आणि मग त्या गेल्याचे कोणालाच वाईट वाटत नाही.

याच कारणाने दंतवैद्य, लॅब आणि साहित्याचा उत्पादक अशा तिघांनाही सुरुवातीलाच सामनेवाले करावे. उत्पादक म्हणेल की साहित्य मानकाप्रमाणे होते, लॅब म्हणेल की दंतवैद्यांनी आधाराचा दात पुरेसा घासून उतरवला नव्हता म्हणून उंची मिळाली नाही, दंतवैद्य म्हणतील की आराखडा लॅबचा. यांतील एकाला मागाहून जोडायचे ठरले, तर त्याच्यापुरती तक्रार त्याला जोडल्याच्या तारखेलाच दाखल झाली असे धरावे, असा आक्षेप येईल, आणि तोवर आपले चार महिने उरलेले नसतील.

आपण उत्पादन दायित्वाच्या प्रकरणावर, म्हणजे कलम 82 ते 87 वर, मोठी भिस्त ठेवली आहे. ती कमी करावी. त्या प्रकरणाला लागू असलेल्या हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. ब्रिज तुटला एवढ्यावर तिथे भरपाई मिळत नाही. आधाराच्या दाताला तडा गेला असेल किंवा तुकड्याने इजा झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण तसे आपण लिहिलेले नाही. ब्रिजपुरता दावा सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या नेहमीच्या वाटेनेच जाईल. दंतवैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते का, ही शंका आधीच्या 1986 च्या कायद्याखालीच, 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. पी. शांता प्रकरणातील निकालाने मिटली, तिच्यावर शब्द खर्च करू नयेत.

रात्री दात खाण्याच्या सवयीमुळे वॉरंटी लागू नाही, हे कलम कार्डावर आहे, आणि दंतवैद्यांनी दिलेला नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचे कवच, आपण वापरला नाही असे आपणच लिहिले आहे. त्याने भरपाई कमी होऊ शकते. दावा पूर्णपणे कोसळेल की नाही, हे केसपेपरवर काय नोंदले आहे यावर अवलंबून राहील. सवय माहीत असूनही चार युनिटचा सिरॅमिक ब्रिज सुचवला असेल, तर तो मुद्दा दंतवैद्यांवरही उलटू शकतो. कपची उडाल्यावर जागा घासली ती नंतर नीट पॉलिश केली का, हेही केसपेपरवरूनच कळेल, म्हणून त्याची प्रत आजच लेखी मागावी. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल लागत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटले असले, तरी ती सवलत येथे घेऊ नये. सिरॅमिक तुटले म्हणजे कोणाची तरी चूक झालीच, असे मानायला कोणतेही पीठ तयार होणार नाही.

वेळेविषयी अखेरचे. ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी नोटीस सक्तीची नाही. ती द्यायची तर पंधरा दिवसांची द्यावी आणि उत्तराची वाट न पाहता मसुद्याला लागावे. चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती तारखा पडतात हे विचारू नये. विरुद्ध बाजूला लेखी उत्तरासाठी 45 दिवसांपलीकडे एकही दिवस मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितले, आणि त्याचा फायदा ज्याची स्वतःची तक्रार मुदतीत आहे त्यालाच घेता येतो. तुकड्यांचे तारखेसह फोटो, वॉरंटी कार्ड, बिल, कंपनीचा नकार आणि तो ई-मेल, सगळे एकत्र पाठवावे. मसुदा आपण स्वतः करणार असाल तर तोही पाठवावा. त्यात "पहिल्या दिवसापासून" हे शब्द पुन्हा दिसले, तर मी तो तसाच परत करीन.