उत्तर: वेबसाइटच्या सुरक्षा तपासणीचा अहवाल स्वच्छ आलाय, तारकर्लीच्या होमस्टेंचं बुकिंग चालू करू का?

घाई करू नका. दिवाळीची गर्दी तोंडावर आलीय हे कळतंय, पण तुमची पोस्ट वाचून आमचं गणपतीपुळ्याचं काम डोळ्यांपुढे आलं. जावा या प्रोग्रामिंग भाषेतलंच बुकिंग, आणि असाच स्वच्छ अहवाल.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या प्रश्नात, बाहेरून आलेली माहिती प्रश्नचिन्हाच्या जागी वेगळी बांधणं), एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणं), पासवर्डला बीक्रिप्ट (पासवर्ड उलटा काढता येणार नाही असा साठवणं) हे तुम्ही केलंच असणार, ते सोडतो. (तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे चूकभूल द्यावी.)

आमची तपासणी ज्या कार्यालयाने केली त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी बाहेरून एक टूल फिरवलं, पीडीएफ दिली, बिल लावलं. लॉगिन करून आतली पानं पाहिलीत का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "ते स्कोपमध्ये नाही." पुढे एका पाहुण्याचाच फोन आला: पावतीच्या लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याच कुटुंबाचं आधार कार्ड उघडतं! लोकांनी विश्वासाने दिलेले कागद होते हो ते. घरमालकांनी काम काढून घेतलं, त्यांचं बरोबरच होतं. कार्यालय मात्र शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिलं की क्वेरी सुरक्षित आहे. क्वेरी सुरक्षित होतीच. पावती मागणारा तिचा मालक आहे का, हे कोणीच विचारत नव्हतं.

म्हणून नुसत्या आयडीवरून रेकॉर्ड काढणारी प्रत्येक जागा शोधा आणि क्वेरीतच मालकाची अट घाला. मालक कोण हे सेशनवरून, म्हणजे सर्व्हरने लॉगिनच्या वेळी ठेवलेल्या नोंदीवरून ठरवायचं, रिक्वेस्टमधून आलेल्या आकड्यावरून कधीच नाही. आकड्याऐवजी यूयूआयडी (अंदाज न बांधता येणारा लांबलचक ओळख क्रमांक) टाकला की झालं, असं सांगणारे भेटतील. माझ्या मते ती पळवाट आहे, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेच. दोन खाती काढा, एकाने लॉगिन करून दुसऱ्याची पावती मागणारी टेस्ट लिहा. ४०४ ("सापडलं नाही" असं उत्तर) आलं नाही तर बिल्ड, म्हणजे कोड जोडून तयार करण्याची पायरी, तिथेच थांबली पाहिजे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत परवानगी तपासण्यातली ही ढिलाईच पहिल्या क्रमांकावर आहे.

टूलच्या नजरेतून सहज निसटणारी आणखी एक जागा म्हणजे ऑर्डर बाय, म्हणजे क्वेरीतला यादी कोणत्या कॉलमनुसार लावायची ते सांगणारा भाग. प्रश्नचिन्हाच्या जागी कॉलमचं नाव बांधता येत नाही, म्हणून तिथे लोक बाहेरून आलेला मजकूर हमखास तसाच क्वेरीला जोडतात. चालणाऱ्या कॉलमांची ठरावीक यादी ठेवा, बाकी सगळं नाकारा. मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलचं डिपेंडन्सी ट्रीही (कुठली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, कोणाच्या मागून आली त्याची यादी) एकदा काढून बघा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतल्या त्रुटीने रडवलं तेव्हा अनेकांकडे ती दुसऱ्याच कुठल्या लायब्ररीच्या पाठीवर बसून आली होती. आणि सिक्युरिटी मॅनेजर (कोडला काय करू द्यायचं ते ठरवणारी जावातली जुनी सोय) वापरा असं सांगणारे जुने लेख बाजूला ठेवा. जावा १७ मध्येच तो मोडीत काढायला घेतला, २४ मध्ये कायमचा बंद केला.

आधारची पूर्ण प्रत साठवूच नका, मास्क्ड आधार (शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत) मागा. कायद्याचं मात्र जाणकाराला विचारा, तो माझा प्रांत नाही.

पुन्हा तपासणी करून घेणार असाल तर वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: पाहुणा, घरमालक आणि अ‍ॅडमिन अशा तिन्ही लॉगिनने एकमेकांचे रेकॉर्ड मागून पाहायचे. त्याला नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका.