भावाला ॲम्प आणायला सांगण्याआधी मागची पाटी वाचा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. डोंबिवलीतला टू बीएचके, भिंतीला भिंत लागून शेजारी, घरात दीड वर्षाची मुलगी, आणि डिसेंबरात न्यू जर्सीहून येणारा भाऊ 'तिकडे स्वस्त पडतो' म्हणून १५ वॉटचा ट्यूब ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) बॅगेत घालून आणणार. सोबत तुमची पहिली इलेक्ट्रिक गिटार, तीही फ्लॉइड रोझ ब्रिजवाली, म्हणजे तारा जिथे अडकतात तो भाग स्प्रिंगांवर तरंगणारी. आणि विचारताय की हे घेऊ का, नाहीतर भावाकडून काय आणवू. डोंबिवलीच्या जागी कोथरूड आणि भावाच्या जागी मावसभाऊ लिहिला की बारा वर्षांपूर्वीचा मी तयार होतो.

ट्यूनर घ्या, बरी केबल घ्या, पहिले दोन महिने बोटं दुखतील, वगैरे इथे बाकीचे सांगतीलच. मी ॲम्पबद्दल बोलतो, कारण माझे पैसे तिथे बुडाले.

अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. हे मलाही माहीत होतं हो, मी काही अडाणी नव्हतो. ॲम्प येण्याआधीच पुण्याच्या तापकीर गल्लीतून २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउनचा खोका आणून ठेवला होता. पहिले तीन महिने मजेत गेले. एवढंच की ॲम्पची पाठ हाताला चटका बसेल इतकी तापायची. तेव्हा वाटायचं, ट्यूब आहेत म्हणजे तापणारच. नंतर कळलं की तो खोका व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या लोखंडी गाभ्यावर वीसेक टक्के जादा ताण येतो. चालतो, पण धापा टाकत.

मग दिवाळीची साफसफाई आली. खोका माळ्यावर गेला, ॲम्प दिवाणाखाली. भाऊबीजेला सगळे जमले, कोणीतरी म्हणालं वाजव की, आणि मी ॲम्प ओढून प्लग सरळ भिंतीवरच्या बोर्डात खुपसला. आपल्याकडच्या त्या 'सगळं बसतं' छाप सॉकेटमध्ये अमेरिकन चपट्या पिनाही लोण्यासारख्या जातात. टक् असा आवाज झाला आणि ॲम्प गप्प.

इथवर काहीच बिघडलं नव्हतं, हे मला नीट सांगायचंय. फ्यूज उडाला होता. फ्यूज त्याचसाठी असतो, त्याने स्वतः जळून ॲम्प वाचवला होता. पण खोका माळ्यावर आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मला वाटलं, फ्यूज जुना झाला असेल. मागे १ अँपिअर लिहिलं होतं, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात १ चा नव्हता, दुकानदार म्हणाला ५ चा न्या, काय फरक पडतो. मी नेला. लावला. पुन्हा त्याच बोर्डात प्लग घातला.

या वेळी टक् झालं नाही. चार-पाच सेकंद घूंऽऽ असा जड आवाज, मग जळक्या वार्निशचा वास, मग धूर. आई स्वयंपाकघरातून ओरडली की कढईखालचा गॅस बंद केलाय ना. पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला होता. तर ॲम्पच्या मागे जितक्याचा फ्यूज लिहिलाय तितक्याचाच घाला, आणि उडाला तर का उडाला हे कळेपर्यंत दुसरा घालू नका. पाच रुपयांच्या काचेच्या नळीशी चलाखी करून मी पगाराएवढा खड्डा पाडून घेतला.

पुढची कहाणी सर्व्हिस सेंटरची. नाव घेत नाही, आता तिथे कोण आहे मला ठाऊक नाही. त्यांनी ॲम्प ठेवून घेतला, पावती दिली. पंधरा दिवसांनी फोन केला तर 'इथे विकलेला नाही, वॉरंटी नाही.' म्हटलं, वॉरंटी मागितलीच नाही, पैसे देतो, दुरुस्त करा. तर म्हणे मूळ बिल लागेल. मावसभावाकडून बिल मागवलं. मग म्हणे १२० चा पार्ट आम्ही मागवतच नाही. म्हटलं, अहो २३० चाच बसवा, मला राहायचं इथेच आहे. 'तसं करता येत नाही, मॉडेल बदलतं.' पाच महिने. परत आणायला गेलो तेव्हा मागच्या जाळीचे दोन स्क्रू गायब आणि तपासणी शुल्क म्हणून वेगळे पैसे. शेवटी नारायण पेठेत जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळून दिला. आठ दिवसांत. किंचित गुणगुणतो, पण चालतो.

काकांकडे बघून मलाही खुमखुमी आली होती, म्हणून आधीच सांगतो: ट्यूब ॲम्प घरी उघडू नका. आत ३००-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. मी इलेक्ट्रिशियन नाही, माझं ऐकून काही जोडाजोडी करू नका. आणि अशा ॲम्पचा स्पीकर काढून ठेवून 'आवाज नको' म्हणून चालवणारेही पाहिलेत. त्याने स्पीकरला ताकद पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

तर एवढं करून ॲम्प पुन्हा जिवंत झाला. आता खरं दुःख ऐका. त्याचं व्हॉल्यूमचं बटण मी आजवर दीडच्या आकड्यापुढे नेलेलं नाही.

ट्यूबची जी गोडी सगळे सांगतात ती ॲम्प ताणल्यावर येते, आणि १५ वॉटचा ट्यूब ॲम्प ताणला की ड्रमरच्या बरोबरीने आवाज करतो. दहा बाय अकराच्या खोलीत तो ताणायचा कुठे? बरं, कमी वॉटचा घेऊनही मोठा फरक पडत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे १५ ऐवजी दीड वॉटचा घेतलात तर आवाज शून्य होत नाही, निम्मा होतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू निम्म्यालाही वर येतात. वॉट बघून घरचा ॲम्प निवडू नका, कमीत कमी आवाजात तो कसा वाजतो ते बघा. दुकानात गेलात की व्हॉल्यूम इतका खाली आणा की शेजारच्या माणसाशी बोलता येईल, आणि मग पाच मिनिटं वाजवा. विक्रेता पुन्हा पुन्हा आवाज वाढवेल. त्याला वाढवू देऊ नका.

माझं मत विचाराल तर (मत आहे, भांडायला येऊ नका) तुमच्या घराला छोटा मॉडेलिंग ॲम्प हवा, म्हणजे मोठ्या ॲम्पच्या आवाजाची इलेक्ट्रॉनिक नक्कल करणारा. यामाहाची टीएचआर मालिका २०११ पासून नेमक्या याच कामासाठी आहे: सोफ्याशेजारी ठेवून हळू वाजवायला. महाग आहे हे मान्य. बॉसचा कटाना मिनी ७ वॉटचा, बॅटरीवरही चालतो. मोठा कटाना ५० घेतलात तर त्यात अर्ध्या वॉटवर उतरवायचं बटण आहे, पण त्याचा १२ इंची स्पीकर ठेवणार कुठे ते आधी घरात विचारा. बजेट अगदीच कमी असेल तर फेंडरचा फ्रंटमन १०जी किंवा व्हॉक्सचा पाथफाइंडर १०. साधे, दणकट, जमिनीवर ठेवले तर मात्र गुडघ्यांनाच गाणं ऐकवतात. खुर्चीवर ठेवा, जरा मागे कलता, म्हणजे तीव्र सूर कानापर्यंत येतात आणि स्लॅबमधून खालच्यांना घुमाराही कमी जातो. खाली घडी घातलेली सतरंजी.

मुलगी दीड वर्षाची आहे म्हणजे तुम्ही रात्री दहानंतरच वाजवणार. मग हेडफोनचं भोक हवंच, आणि त्यातून येणारा आवाज ऐकूनच घ्या. काही स्वस्त ॲम्पमध्ये डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) हेडफोनवर डास अडकल्यासारखं ऐकू येतं, कारण गिटारचा स्पीकर जे टोकेरी सूर गाळून टाकतो ते तिथे गाळलेच जात नाहीत.

एक अपवाद. भाऊ आणणार तो छोटा ॲम्प वेगळ्या अडॅप्टरवर चालत असेल आणि अडॅप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल, तर खुशाल आणू द्या, पिनेचा कनेक्टर पुरे. यूएसबीवर चार्ज होणारे, थेट गिटारला खोचायचे हेडफोन ॲम्पही चालतील. ॲम्पच्या मागच्या पाटीवर किंवा अडॅप्टरवर नुसतं १२० लिहिलं असेल तर नको. काही मोठ्या ॲम्पच्या आत दोन्ही व्होल्टेजच्या वायरी असतात, पण ते बघायला उघडावं लागतं, आणि उघडण्याबद्दल वर लिहिलंय.

गिटारबद्दल थोडक्यात, कारण तिथे मी पस्तावलो नाही. साध्या पिकअपच्या (तारांखाली बसवलेल्या, त्यांची थरथर टिपणाऱ्या चुंबक-कॉइलच्या) गिटारला वीज लागत नाही, ती कुठूनही आणा. पण फ्लॉइड रोझ पहिल्या गिटारला नको. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, ट्यूनिंग बदलायचं म्हणजे ॲलन की (षटकोनी पाना) घेऊन बसायचं. तुम्हाला रोज पाऊण तास मिळणार, त्यातला अर्धा पान्यात जाईल. साधा किंवा स्थिर ब्रिज घ्या. आणि ब्रिजजवळचा पिकअप हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा हवाच. एकाच कॉइलचा (सिंगल कॉइल) पिकअप घरातली सगळी वीज ऐकतो: ट्यूबलाइट, चार्जर, पंख्याचा सलग फिरणारा रेग्युलेटर, आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर अक्षरशः भुंगा. हंबकरमध्ये उलटसुलट दोन कॉइल असतात, त्यांची गुणगुण एकमेकींना मारते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आपल्या वायरिंगवर अजून तोच उपाय लागू आहे. यामाहाची पॅसिफिका ११२व्ही मला यासाठी आवडते, एक हंबकर, दोन सिंगल कॉइल. अर्थात हातात धरून बघा, मानेची जाडी ज्याची त्याला कळते.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र ताबडतोब बंद करा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पीन नसलेले कनेक्टर आणि काही स्टेप-डाउन खोके अर्थिंग पुढे देतच नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मग भावाकडून आणवायचं तरी काय. तारा. ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीचे दहा संच. इथे ऑनलाइन मला दोनदा नकली मिळाल्या आणि पावसाळ्यात तर चांगल्याही महिन्याभरात गंजतात. आणि ॲम्पचं वेड अजून गेलं नसेल तर त्याला आज रात्रीच दुकानाच्या पानावरचा मागच्या पाटीचा फोटो पाठवायला सांगा आणि इथे टाका. बघून सांगतो.